सज्ञान कोण?

माझ्या आईचा बाप चाळिशी ओलांडल्यावर कॅथलिक झाला. साल १९३८. जिल्हा अहमदनगर, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तो. तालुका राहुरी. तोवर त्याला पाच लेकरं झाली होती, त्यातली दोन गेली होती आणि गावकीची येसकरपाळी करून करून त्याच्या काठीला त्याच्याच हाताचा आकार आला होता.

फादर महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. बाकी सगळं मास्तर बघायचा. मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेतला, आपल्यातलाच शिकलेला माणूस. दिवसा पोरांना बाराखडी, रात्री कंदील लावून मोठ्या माणसांना प्रार्थना. आज्याला अक्षर येत नव्हतं. त्यानं प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, दहा आज्ञा सगळं ऐकून ऐकून पाठ केलं. आजी सांगायची, मोटेवर बैलांमागं चालता चालता तो आज्ञा म्हणायचा आणि सातवीवर अडला की बैलही थांबायचे.

पुढं आईला कशासाठी तरी दाखला लागला तेव्हा मी ती जुनी वही पाहिली. लॅटिनमध्ये लिहिलेली. आज्याच्या नावापुढं एक शब्द होता. 'अदुल्तुस'. मी फादरला विचारलं, हे काय? ते म्हणाले, प्रौढ. ज्याला स्वतःचं बरंवाईट कळतं असा माणूस. सज्ञान.

मित्रहो, मी त्या शब्दापाशी थांबलो. पाटलाचं दहा वर्षांचं पोरगं माझ्या आज्याला 'ए' म्हणून हाक मारायचं. गावच्या लेखी तो येसकर. कुलकर्ण्याच्या दप्तरात तो जातीचं नाव. चाळीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी शाईनं लिहून सज्ञान म्हटलं होतं. ते म्हणायला परक्या देशातला माणूस लागला आणि मेलेली भाषा लागली.

म्हणून हा लेख. मला चर्चची वकिली करायची नाही. चर्चचा हिशेबही इथं मांडायचाच आहे. पण त्याआधी प्रश्न हा की कळत्या वयात धर्म घेणाऱ्या माणसाला, त्यातही आपल्या माणसाला, सज्ञान कोण मानतं? आणि कोण मानत नाही?

०

सुरुवात लांबून करू. रोमपासून. कारण हा विधी तिथं घडला.

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती होणारा बहुतेक माणूस मोठ्या वयाचाच असायचा. आला आणि पाणी शिंपडलं असं नव्हतं. हिप्पोलिटसच्या नावावर सांगितला जाणारा एक जुना नियमग्रंथ आहे. त्यात शिकवणीची मुदत तीन वर्षं दिली आहे. आलेल्या माणसाची आधी चौकशी होई. तुला कोण घेऊन आलं? तुझा धंदा काय? कुंटणखाना चालवणारा असेल तर तो बंद करावा. मूर्ती घडवणारा असेल तर ते सोडावं. रिंगणात माणसं मारण्याची झुंज खेळणारा असेल तर ते सोडावं, नाहीतर परत जावं. म्हणजे धर्म बदलायचा तर आधी हातातलं काम बदला. महाडनंतर १९२७ साली आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्याची इथं आठवण होते.

पण त्याच ग्रंथात आणखी एक कलम आहे. आलेला माणूस गुलाम असेल तर मालकाला विचारा. मालक ख्रिस्ती असेल आणि त्यानं परवानगी दिली नाही तर त्या गुलामाला परत पाठवा.

बघा! स्वर्गाच्या दाराशीसुद्धा मालकाची चिठ्ठी.

तरी त्या रात्रीचं एक खरं आहे. रात्रभर जागरण व्हायचं, पहाटे पाण्यापाशी सगळ्यांनी कपडे उतरवायचे. गुलामाचे कपडे आणि मालकाचे कपडे एकाच जमिनीवर. पाण्यात प्रश्न विचारायचे, उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर चालत नसे. पुढं चाल पडली ती अशी की बाहेर आल्यावर सगळ्यांना पांढरं वस्त्र, ते आठवडाभर अंगावर. आणि ह्याच रोममध्ये एके काळचा गुलाम कॅलिस्टस इ. स. २१७ च्या सुमारास बिशप झाला. रोमचा बिशप म्हणजे पोप.

मोठ्या लोकांची गोष्ट वेगळी. कॉन्स्टंटाइन बादशहानं बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, मरणाच्या बिछान्यावर. राज्य करून झालं, माणसं मारून झाली, मग पाणी. ऑगस्टीन हा मोठा पंडित ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोसच्या हातून बाप्तिस्मा घेता झाला, वय बत्तीस. त्यानं कितीतरी वर्षं घोळ घातला आणि मग त्या घोळावर पुस्तक लिहिलं. जगानं त्याला संत म्हटलं. माझ्या आज्यानं घोळ घातला असता तर म्हणाले असते, किती पैसे मागतोय?

पुढं युरोप सगळा ख्रिस्ती झाला. बाळ जन्मलं की बाप्तिस्मा. शिकवणीची तीन वर्षं आटत आटत काही मिनिटांचा मंत्र उरला. मोठ्या माणसाला कसं घ्यायचं हे चर्च जवळजवळ विसरलंच.

आणि अशा विसरलेल्या अवस्थेत ते आपल्याकडं आलं.

०

आता तमिळ मुलखात चला. कॅथलिक होऊन जात सुटते का, हा प्रश्न तिथं चारशे वर्षं उघडउघड लढला गेला आणि त्याचे कागद शिल्लक आहेत.

१५३५ ते १५३७ च्या दरम्यान मोत्यांच्या किनाऱ्यावरचे परवर कोळी हजारोंनी ख्रिस्ती झाले. कारण सरळ होतं. समुद्रावरच्या भांडणात त्यांना पोर्तुगीजांचं संरक्षण हवं होतं. बाप्तिस्मा झाला, शिकवणारं कुणी नाही. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला आणि त्याच वर्षी त्या किनाऱ्यावर गेला, तेव्हा त्यांना प्रार्थनाही येत नव्हत्या. बाप्तिस्मा देऊन देऊन हात दुखतात असं झेवियरनं पत्रात कळवलं. हात दुखले, पण कुणी कुणाला विचारलं नाही की बाबा, तुला काय कळलं?

१६०६ साली रॉबर्ट दी नोबिली मदुरेला आला. त्यानं पाहिलं की आधीचे ख्रिस्ती म्हणजे कोळी, त्यांच्या पंगतीला वरच्या जातीचा माणूस बसणार नाही. मग त्यानं भगवी वस्त्रं घातली, शाकाहार धरला, ब्राह्मण संन्याशासारखा राहिला आणि जुन्या ख्रिस्त्यांपासून वेगळा झाला. नव्यांना जानवं, शेंडी, गंध ठेवायला १६२३ मध्ये पोपनं परवानगी दिली. पुढं खालच्या जातींसाठी वेगळ्या वेषाचे वेगळे मिशनरी आले. एक ख्रिस्त, दोन दारं.

१७०३ साली पोपचा प्रतिनिधी तुर्नों पाँडिचेरीला उतरला. १७०४ मध्ये त्यानं हुकूम काढला. त्यातल्या दोन गोष्टी आपण नीट वाचल्या पाहिजेत.

पहिली. परय्यर माणूस आजारी असेल तर फादरनं त्याच्या झोपडीत जाऊन शेवटचे संस्कार द्यावेत. म्हणजे तोवर जात नव्हते! मरणारा ख्रिस्ती आत तडफडतोय आणि त्याचा धर्मगुरू उंबऱ्याबाहेर. मिशनऱ्यांचं म्हणणं, आम्ही परय्यराच्या घरात गेलो तर वरच्या जातीचे आमच्याकडं येणार नाहीत.

दुसरी गोष्ट थुंकीची. बाप्तिस्म्याच्या जुन्या विधीत धर्मगुरू स्वतःची थुंकी बोटाला लावून उमेदवाराच्या कानाला आणि नाकाला स्पर्श करायचा. येशूनं मुक्या-बहिऱ्याला बरं केलं त्याची ती खूण. वरच्या जातीच्या लोकांना याची किळस यायची, म्हणून मिशनऱ्यांनी ते गाळलं होतं. तुर्नों म्हणाला, गाळायचं नाही. यावर पुढं चाळीस वर्षं रोमला अर्ज, तक्रारी, फेरअर्ज. वरच्या जातीच्या किळसेपायी काही काळापुरती सूटसुद्धा मिळाली.

थुंकी! मित्रहो, पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या पूर्वजाची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून त्याच्या गळ्यात मडकं. बाबासाहेबांनी ते १९३६ साली लिहून जगापुढं ठेवलं. एकीकडं आपली थुंकी मातीला चालत नाही म्हणून मडकं, दुसरीकडं देवाच्या माणसाची थुंकी वरच्यांना चालत नाही म्हणून पोपकडं अर्ज. दोन्हीकडं निकाल कुणाच्या नाकावर लागला? वरच्यांच्याच.

१७४४ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदाव्यानं प्रकरण मिटवलं. कसं? परय्यरांसाठी वेगळे मिशनरी नेमायचे. झोपडीत जायला कुणीतरी मिळालं हे खरं. पण वेगळेपणावर रोमचा शिक्का बसला हेही खरं.

तो शिक्का पुढं विटांत उतरला. तिरुनेल्वेली जिल्ह्यात वडक्कनकुलम नावाचं गाव आहे. तिथं १८७२ साली चर्च बांधलं त्याला दोन लांब दालनं, दोन्ही वेदीपाशी मिळणारी, विजारीच्या दोन पायांसारखी. एका दालनात वेळ्ळाळर आणि वरचे, दुसऱ्यात नाडार आणि खालचे. मधली भिंत १९१० मध्ये पाडली. वरचे कोर्टात गेले, की भिंत हा आमचा हक्क. मद्रास हायकोर्टानं हक्क नाकारला. ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून जातीचा हक्क नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं तेच वाक्य आपल्या अंगावर येणार आहे.

०

आता परत घरी, १९३६ साली.

३१ मे १९३६ ला मुंबईत महार परिषदेपुढं बाबासाहेबांनी धर्मांतराचं सगळं गणित मांडलं. ऐकणारे गिरणीतले, गोदीतले, खेड्यातून आलेले. बहुतेकांना अक्षर नाही. त्यांच्यापुढं त्यांनी नफा-तोटा, इहलोक-परलोक, कायदा-इतिहास सगळं ठेवलं आणि म्हणाले, विचार तुम्ही करा. ह्याला म्हणतात माणसाला सज्ञान मानणं.

त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन मॉट नावाचे अमेरिकन मिशनरी पुढारी गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना विचारलं, तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगायला जाल का? आणि पुढं जोडलं की समजेच्या बाबतीत काही अस्पृश्य गाईपेक्षाही वाईट आहेत. हे १९ डिसेंबर १९३६ च्या 'हरिजन'मध्ये छापलेलं आहे. माझा आज्या तेव्हा चाळिशीला टेकला होता.

गाईला धर्म कळत नाही हे खरंच. पण गाय येसकरपाळी करत नाही. गाईला देवळाच्या पायरीवरून कुणी हाकलत नाही. ज्याला चाळीस वर्षं दारात उभं राहून भाकर मागावी लागली त्याला 'तुमचा धर्म काय आहे' हे शास्त्र्यापेक्षा जास्त कळतं.

पोटासाठी बाटले, हा दुसरा शेरा. बाबासाहेबांनी त्यालाही उत्तर दिलं आहे. जगातल्या बहुतेकांचा धर्म बापाच्या वारशानं आलेला, कुणाचा तलवारीनं, कुणाचा राजाच्या सोयीनं. अस्पृश्य माणूस तपासून, पारखून धर्म घेणार असेल तर ती इतिहासात नवीन गोष्ट होईल. आणि पोटाचं म्हणाल तर परवरांना संरक्षण हवं होतं, कॉन्स्टंटाइनला राज्य हवं होतं, मग आपल्याला माणूसपण हवं होतं यात लाज कसली?

पण बाबासाहेब ख्रिस्ती झालेल्या आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. त्यांची तक्रार अशी की शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, की हा माणूस गप्प बसतो. हक्कासाठी उभा राहत नाही. आणि चर्च त्याला गप्प बसायला शिकवतं, त्याची जातही जात नाही. माझ्या आज्याच्या बाबतीत हे अर्धं खरं. तो येसकरपाळी सोडून मोकळा झाला, पोरीला शाळेत घातलं. पण सभेला गेला नाही. नाव मिळालं, घर मात्र गावकुसाबाहेरचं तेच राहिलं.

०

स्वातंत्र्य आलं. घटना आली. माणूस सज्ञान झाला का?

१० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. अनुसूचित जातीचा माणूस तोच, जो हिंदू आहे. १९५६ मध्ये शीख जोडले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर.

मद्रासच्या फुटपाथवर सूसै नावाचा चांभारकाम करणारा माणूस बसायचा. मूळचा आदि-द्रविड, ख्रिस्ती झालेला. सरकारनं रस्त्यावरच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या वाटल्या. शेजारच्यांना मिळाल्या, त्याला नाही. कारण तो ख्रिस्ती. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली निकाल आला. ख्रिस्ती झाल्यावरही जातीची तीच अवहेलना तितक्याच खोलवर चालू राहते हे पुराव्यानं दाखवा, नुसतं म्हणून चालणार नाही. अर्ज फेटाळला. ऊन तेच, फुटपाथ तोच, चामडं तेच. जात नाही म्हणून सवलत नाही!

कायद्यानं आणखी एक गोष्ट केली, ती बारकाईनं बघा. ओरिसानं १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशानं १९६८ मध्ये धर्मांतरावर कायदे केले. जबरदस्तीनं, फसवून, आमिष दाखवून धर्म बदलायला लावला तर एक वर्ष कैद, पाच हजार दंड. ठीक. पण ज्याचा धर्म बदलला तो अज्ञान बालक असेल, बाई असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर शिक्षा दुप्पट. दोन वर्षं, दहा हजार. स्टॅनिस्लॉस नावाच्या कॅथलिक धर्मगुरूनं आव्हान दिलं, १९७७ साली सुप्रीम कोर्टानं हे कायदे कायम केले. पुढं गुजरात २००३, उत्तर प्रदेश २०२१, तीच मांडणी.

बालक, बाई, दलित, एका ओळीत. कलेक्टर झालेला दलितही त्याच ओळीत, आणि डॉक्टर झालेली बाईही. मनुस्मृतीत बाईला आणि शूद्राला स्वातंत्र्य नाही म्हणून आपण ती १९२७ ला जाळली. ही ओळ कुठं जाळायची?

आणि गंमत बघा. चर्चचा स्वतःचा कायदा १९८३ साली नव्यानं निघाला. त्यात सात वर्षं पूर्ण झालेलं, ज्याला समज आली आहे असं मूल बाप्तिस्म्यापुरतं प्रौढ धरतात. त्याची इच्छा त्यानं स्वतः सांगायची, त्यानं शिकायचं, त्याची पारख व्हायची. जबरदस्ती करायला मनाई. तिकडं सात वर्षांचं पोर सज्ञान, इकडं सत्तर वर्षांचा महार अज्ञान.

०

मग चर्चनं आपला कायदा आपल्याच माणसांना लावला का?

कागदावर बरंच केलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये प्रौढांच्या शिकवणीची जुनी पायऱ्यापायऱ्यांची वाट परत उघडायला सांगितलं, १९७२ च्या जानेवारीत त्याचा नवा विधी निघाला. आता चौकशी, मग स्वीकार, मग दीर्घ शिकवण, उपवासकाळात निवड आणि पारख, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री एकाच वेळी बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद. पुन्हा तेच प्रश्न, ज्याचं उत्तर त्यानंच द्यायचं. सैतानाचा, त्याच्या कामांचा त्याग करतोस का? करतो.

पण जातीचा त्याग करतोस का, हे कुणी विचारलं नाही. आणि वरच्याला तर नाहीच नाही.

म्हणून २००३ साली पोप जॉन पॉल दुसऱ्यांना तमिळनाडूच्या बिशपांना समोर बसवून सांगावं लागलं की जातीवरून भेद करणं ख्रिस्ती श्रद्धेच्या विरुद्ध आहे. म्हणून २००८ मध्ये विल्लुपुरम जिल्ह्यातल्या एरैयूरला चर्चमधल्या मानाच्या वाटणीवरून वन्नियार आणि दलित कॅथलिकांचा दंगा झाला, गोळीबारात माणसं मेली. २०१६ च्या डिसेंबरात भारताच्या कॅथलिक बिशपांनी स्वतःच छापून कबूल केलं की देशातल्या सुमारे एक कोटी नव्वद लाख कॅथलिकांपैकी एक कोटी वीस लाख दलित आहेत, आणि वरच्या जागांवर मात्र मोजकेच. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ च्या ऑगस्टमध्ये कार्डिनल झाले, दलितांतले पहिले. रोममध्ये गुलाम पोप झाला तो तिसऱ्या शतकात. आपला पहिला लाल टोपीपर्यंत पोचायला एकविसावं उजाडलं.

०

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. पांढरे कपडे घालून लाखो माणसं. आधी बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा घेतली, मग लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. काय मानणार नाही ते आधी, काय पाळणार ते नंतर. ज्याचं त्यानं उभं राहून म्हणायचं. पांढरं वस्त्र, त्याग, मग स्वीकार. रोमच्या त्या पहाटेसारखंच. फरक एकच. ह्या प्रतिज्ञांत विषमतेचं नाव घेऊन तिचा त्याग होता. आणि कुठल्याही मालकाची चिठ्ठी नव्हती.

माझे वडील त्या दीक्षेतले. आई कॅथलिक आज्याची लेक. दोघांचं लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. आमच्याकडची पोरं आजोळच्यांना 'पावाचे ख्रिस्ती' म्हणून हिणवायची. मीही हिणवलं आहे. हा गुन्हा मी इथं लिहून ठेवतो. गांधींनी जे गाईच्या नावानं म्हटलं तेच मी पावाच्या नावानं म्हणत होतो, की तुला कळून तू गेला नाहीस.

एकदा मी आज्यालाच विचारलं होतं. तो तेव्हा फार थकला होता. म्हटलं, बाबा, खरं सांगा, कशापाई झालात ख्रिस्ती? मला वाटलं शाळेचं सांगेल, गव्हाचं सांगेल.

तो म्हणाला, "फादरनं मला इचारलं, तुला काय पायजे? मंग म्या इचार केला. तवर कुनी इचारलंच नव्हतं ना."

बाप्तिस्म्याच्या विधीतला तो पहिला प्रश्न असतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.